बेळगावच्या गल्ल्या आणि वाडे जपण्यासाठी नागरी संस्था कशी उभी करावी, कशी चालवावी

किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, 1204 सालची. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात बीचिराजानं ती बांधली आणि आज ती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या धारवाड मंडळाकडे आहे. जवळच्या सफा मशिदीमागंही असंच खातं आहे, कायदा आहे. पण गल्लीबोळांतले सागवानी खांबांचे वाडे, शहापूर-वडगावातली मागाची घरं, परड्यांतल्या दगडी विहिरी, कॅम्पातले कौलारू बंगले आणि रस्त्याकडेची जुनी झाडं यांना वाली नाही. बेळगाव बेळगावसारखं दिसतं ते मात्र यांच्यामुळेच. किल्ला राहील. किल्ल्याबाहेरचं गाव राहील की नाही, हे बघणं कुठल्याच खात्याच्या कामात नीट बसत नाही. ते नागरिकांनाच करावं लागतं, आणि एकट्यादुकट्यानं ते होत नाही.

इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात नागरिकांनी 1946 साली अशी संस्था काढली, ती अजून काम करते आहे. मुंबईत 1995 साली वारसा नियमावली आली आणि वास्तूंना श्रेणी मिळाल्या, त्यामागंही वास्तुविशारदांचा आणि नागरिकांचा रेटा होता. आपल्या भागात हे करायचं तर इथली कार्यालयं, इथली भाषा आणि इथला पाऊस धरूनच करावं लागेल. पुढचं सगळं बेळगाव शहर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे, पण निपाणी, खानापूर, संकेश्वर, अथणी इथंही थोड्या फरकानं तेच लागू पडतं. महापालिकेच्या जागी तिथं नगरसभा, पुरसभा किंवा पट्टण पंचायत, एवढंच.

आधी माणसं

सुरुवातीला सात-आठ जण पुरे. त्यात एक वास्तुविशारद किंवा सिव्हिल इंजिनिअर, एक वकील, मोडी वाचणारं कुणीतरी आणि फोटो नेटका काढणारा एखादा तरुण हवा. महापालिकेतून किंवा भूमापन खात्यातून निवृत्त झालेला माणूस मिळाला तर सोन्याहून पिवळं. कुठलं रजिस्टर कुठल्या कपाटात असतं आणि कुठला अर्ज कुणाच्या टेबलावर अडतो, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. आणि स्वतः जुन्या वाड्यात राहणारी निदान दोन माणसं असायलाच हवीत. गळक्या छपराखाली झोपावं लागत नाही अशाच लोकांची संस्था झाली, तर वाड्यांच्या मालकांना ती परकी वाटते.

दुसरी गोष्ट मी ठामपणे सांगेन. 1956 साली हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला तेव्हापासून इथं प्रत्येक गोष्टीला भाषेची किनार आहे. मराठी माणसाचं गाऱ्हाणं खरं आहे आणि ते मांडणाऱ्या संघटना आहेत. वारसा जपणाऱ्या संस्थेनं ते काम स्वतःकडे घेऊ नये. या गावात कन्नड शिलालेखांची बस्ती आहे, कपिलेश्वराचं देऊळ आहे, असदखानाची सफा मशीद आहे, कॅम्पातलं सेंट मेरी चर्च आहे. मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी बोलणारी माणसं पहिल्या दिवसापासून कार्यकारिणीत बसली, तर संस्थेच्या पत्राकडे कुणी शंकेनं बघत नाही. शिवाय नकाशे, ठराव, नोटिसा सगळं कन्नडमध्ये येतं. ते झरझर वाचणारं माणूस घरचंच असावं, दर वेळी कुणाच्या तरी पाया पडायची वेळ येऊ नये.

नोंदणी

कर्नाटक सोसायटी नोंदणी अधिनियम, 1960 खाली संस्था नोंदवता येते. निदान सात सज्ञान सभासद, घटना, नियमावली आणि पत्त्याचा पुरावा घेऊन सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकांकडे जायचं. उद्देशांत 'वारसा वास्तूंची नोंद, अभ्यास, जतन आणि त्यासाठी शासनाकडे पाठपुरावा' हे शब्द येऊ द्या, पुढं कधी न्यायालयात जायची वेळ आली तर ते उपयोगी पडतात. दरवर्षी सर्वसाधारण सभा, तपासलेला हिशेब आणि कार्यकारिणीची यादी निबंधकांकडे वेळेत गेली पाहिजे. बँक खात्यावर दोन सह्या ठेवा. देणगीदारांना करसवलत मिळण्यासाठी आयकर खात्याकडे वेगळी नोंदणी लागते.

मात्र नोंदणीपासून सुरुवात करू नका. काम नसताना पदं तयार झाली की अध्यक्ष कोण यावरच पहिलं वर्ष जातं. आधी एका गल्लीची यादी पुरी करा, त्या कामात कोण टिकतं ते दिसेल आणि पदं आपोआप ठरतील.

यादी

यादी हाच संस्थेचा पाया. 'जुने वाडे वाचवा' असं निवेदन दिलं की अधिकारी विचारतो, कुठले? त्या क्षणी सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबरासह यादी पुढं ठेवता आली तर बोलणं पुढं सरकतं, नाही तर चहा पिऊन परत यावं लागतं.

एका वेळी एकच गल्ली घ्या. सकाळी सातच्या सुमाराला, दुकानं उघडण्याआधी जा. तेव्हा गाड्या लागलेल्या नसतात, ताडपत्र्या ओढलेल्या नसतात आणि वरचा मजला दिसतो. आमच्या बहुतेक गल्ल्यांत तळमजल्यावर शटर आणि काच आली आहे, जुनं घर वरच्या मजल्यावरच शिल्लक आहे. मान वर केल्याशिवाय ते दिसत नाही. फोटो समोरून एक, दोन्ही टोकांकडून एकेक आणि बारकाव्यांचे वेगळे. जिथं उभं राहून काढला ती जागा लिहून ठेवा, कारण दरवर्षी तिथूनच पुन्हा काढायचा आहे. किल्ल्यातल्या लष्करी भागात आणि छावणीत मात्र परवानगीशिवाय कॅमेरा काढू नका.

'जुना सुंदर वाडा' अशी नोंद कुणाच्याच कामाची नसते. नोंद अशी हवी:

'दुमजली, रस्त्याकडे तोंड, पाच खणांचा सोपा. खालच्या भिंती जांभ्याच्या, वरच्या मातीच्या विटांच्या. सोप्याचे चार सागवानी खांब, खाली दगडी तळखडे. डावीकडून दुसरा खांब तळाशी कुजलेला, सुई अर्धा इंच आत जाते. दाराच्या चौकटीवर गणेशपट्टी, तिच्यावर ऑइलपेंटचे बरेच थर. पुढच्या पाख्याला मंगळुरी कौलं, मागच्याला सिमेंटचे पत्रे. चौकात वृंदावन. परड्यात विहीर, पाणी आहे, वापर नाही. डाव्या खोलीत झेरॉक्सचं दुकान.'

एवढं लिहिलं की पाच वर्षांनी काय हललं ते लगेच समजतं. मालकाचं नाव आणि आतले फोटो मालकाची लेखी संमती असेल तरच ठेवा, आणि जाहीर यादीत ते देऊ नका. जुन्या दारांना, खांबांना आता बाजारात भाव आहे, आपली यादी चोरांची वाटाड्या होता कामा नये.

घराचं वय काढताना घरातल्यांचा अंदाज लिहा, पण त्यावर थांबू नका. मंगळुरी कौलाच्या पोटावर कारखान्याचं नाव छापलेलं असतं, कधी सालही असतं. जुनं खरेदीखत, वाटणीपत्र, सिटी सर्व्हेचा उतारा, घरपट्टीची जुनी नोंद हे सगळं पाहा. मोडी कागद मिळाला तर फोटो काढून मूळ कागद मालकाला तिथल्या तिथं परत द्या. 1884 साली छापलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा एकविसावा खंड पूर्ण बेळगाव जिल्ह्यावर आहे, त्यावरून तेव्हाच्या पेठा, रस्ते, धंदे यांचा माग लागतो. शहापूरची गोष्ट वेगळी. ते सांगली संस्थानात होतं, म्हणून तिथल्या जुन्या कागदांचा शोध बेळगावच्या कचेरीत संपत नाही, सांगलीकडे वळावं लागतं.

विणकरांच्या घरांत मागाचा खड्डा, सुताची मांडणी, उजेडासाठी ठेवलेली खिडकी हेही टिपा. शहापुरी साडी विणणारे हात जसे कमी होतात तसे हे खड्डे बुजवून फरशी बसते आहे. एकदा फरशी बसली की तिथं माग होता हे सांगायलाही काही उरत नाही.

शेवटी प्रत्येक वास्तूला श्रेणी द्या. 'अ' म्हणजे आतून-बाहेरून जपावी अशी, 'ब' म्हणजे दर्शनी भाग आणि उंची तरी राखावी अशी, 'क' म्हणजे एकटी साधी, पण गल्लीची रांग तिच्यामुळे पुरी होते अशी. 'क' मध्ये कंजूषी करू नका. गल्लीचं रूप या साध्या घरांच्या रांगेतच असतं.

कुणाच्या हाती काय

बांधकाम परवाने महापालिकेकडे, मास्टर प्लॅन बुडाकडे म्हणजे नगरविकास प्राधिकरणाकडे, कॅम्पातलं सगळं छावणी मंडळाकडे आणि संरक्षण खात्याकडे. देवस्थानांच्या काही मिळकती मुजराई खात्याकडे, दर्गे-मशिदींच्या वक्फ मंडळाकडे. राज्याच्या संरक्षित वास्तू म्हैसूरला मुख्यालय असलेल्या राज्य पुरातत्त्व खात्याकडे, 1961 च्या कायद्याखाली. झाडांसाठी 1976 चा कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा आणि त्यातला वृक्ष अधिकारी.

केंद्राच्या संरक्षित वास्तूभोवती 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढं आणखी 200 मीटरपर्यंत परवानगी लागते. ही तरतूद 2010 च्या दुरुस्तीनं पक्की झाली. किल्ल्याच्या परिसरात काही उभं राहताना दिसलं तर आधी नकाशावर हे अंतर मोजा, मग धारवाडला लिहा. आपल्या यादीतल्या वाड्यांना मात्र यातलं काहीच लागू नाही, आणि म्हणूनच पुढचा टप्पा महत्त्वाचा.

नोटीस लागण्याआधी

रस्तारुंदीकरणाची खूण भिंतीवर लाल रंगानं पडली की उशीर झालेला असतो. ती रेघ कित्येक वर्षं आधी मास्टर प्लॅनच्या नकाशावर ओढली गेलेली असते. 1961 च्या नगररचना कायद्याप्रमाणे आराखडा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. त्या मुदतीत आपली यादी, नकाशा आणि स्पष्ट मागणी लेखी गेली पाहिजे: अमुक गल्ली वारसा परिसर म्हणून दाखवा, इथल्या रस्त्याची रुंदी आहे तीच ठेवा, उंचीची मर्यादा इतकी ठेवा. निव्वळ विरोध करू नका, पर्याय द्या. एकेरी वाहतूक, गल्लीबाहेर वाहनतळ, माल उतरवायच्या ठरावीक वेळा, असं काही सुचवलं की दुकानदारही ऐकून घेतात. आणि दुकानदार विरोधात असतील तर बाजारपेठेतली एकही गल्ली वाचणार नाही.

बुडाच्या आणि महापालिकेच्या सूचना फलकावर दर आठवड्याला एकानं नजर टाकायची, वर्तमानपत्रांतल्या जाहीर नोटिसा दुसऱ्यानं कापून ठेवायच्या. वॉर्ड समितीची बैठक होत असेल तिथं जाऊन बसा. 2016 च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचं नाव आलं आणि त्यानंतर कामं भराभर निघाली. अशा वेळी निविदेच्या कागदात फरशी कुठली, झाडांचं काय, जुन्या कट्ट्यांचं काय, हे कामाआधी वाचणारं कुणीतरी गावात हवं.

माहिती अधिकाराचा अर्ज इथं इंग्रजी, हिंदी किंवा कन्नडमध्येच करायचा, कारण कायदा त्या भागाची राजभाषा मानतो. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्दांची मर्यादा. म्हणून पाल्हाळ न लावता इतकंच विचारा: 'अमुक रस्त्याच्या मंजूर रुंदीचा नकाशा, त्या ठरावाची प्रत आणि बाधित मिळकतींची सीटीएस नंबरनिहाय यादी द्यावी.' गाऱ्हाण्याचं निवेदन मात्र मराठीतूनही देता येतं, घटनेच्या 350 व्या कलमानं तो हक्क दिला आहे. तो जरूर वापरा, पण सोबत कन्नड प्रत जोडा. ज्याच्या हाती निर्णय आहे त्यानं ते वाचायला हवं ना!

मालकाशी बोलताना

वाडे पडतात ते बिल्डरमुळे, असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात बहुतेक वाडे वाटणीत पडतात. चार भाऊ, त्यातले दोघे पुण्यात, एकाला मुलाच्या शिक्षणाला पैसे हवेत, आणि म्हाताऱ्या आईला घेऊन राहणाऱ्यावर सगळ्या दुरुस्तीचा भार. अशा घरात जाऊन 'हा ठेवा आहे, पाडू नका' असं सांगणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं. आधी ऐकून घ्या. मग विचारा, गळतं कुठं? तिथून सगळं सुरू होतं.

संस्थेनं देण्यासारखी खरी मदत म्हणजे चांगला सुतार, चांगला गवंडी आणि फुकटचा तांत्रिक सल्ला. जांभ्याच्या किंवा मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला की भिंतीतली ओल बाहेर पडू शकत नाही. ती वर चढते, क्षार फुटतात, दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात आणि आत दडलेल्या तुळईचं टोक कुजतं. अशा भिंतीवरचा सिमेंटचा थर हलक्या हातानं काढायचा, भिंत नीट सुकू द्यायची आणि चुन्याचा गिलावा करायचा. भिजवून मुरवलेला चुना एक भाग, वाळू किंवा विटेचा चुरा मिळून अडीच-तीन भाग. थर पातळ द्यायचा, गोणपाट ओलं ठेवून हळूहळू वाळू द्यायचा. चुना सावकाश घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही. म्हणून हे काम दिवाळीनंतर काढावं, मेमध्ये नाही.

मे महिना छपराचा. पाऊस सुरू होण्याआधी कौलं चाळून घेणं, फुटकी बदलणं, पन्हळी साफ करणं, एवढं दरवर्षी झालं तर कौलारू घर पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. हे सोडल्यामुळेच घरं बसतात. कौलं चाळणारे गडी आता मोजकेच उरलेत. संस्थेनं पंचवीस-तीस घरांचं काम एकत्र ठरवून दिलं तर त्यांना महिनाभराची मजुरी मिळते आणि घरमालकाला खर्च कमी येतो. पाडलेल्या घरांची चांगली कौलं जमवून एखाद्या परड्यात रचून ठेवा. जुन्या मापाचं कौल नव्यात बसत नाही, तेव्हा हा साठा कामी येतो. मातीकामाच्या शंकांसाठी खानापूरला खादी ग्रामोद्योगाची कुंभारकाम संस्था जवळच आहे.

कुजलेला खांब दिसला म्हणून अख्खा खांब काढायची गरज नसते. वरचा भार टेकूंवर घेऊन तळाचा कुजका भाग कापतात आणि त्याच जातीच्या जुन्या लाकडाचा तुकडा सांधून बसवतात. अनुभवी सुतार ते करतो, पण टेकू कुठं लावायचे हे इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात लावू देऊ नका. ओल कुठून आली तेही शोधा, नाही तर नवा तुकडाही कुजेल. बहुतेक वेळा बाहेर गटारीची पातळी वाढलेली असते.

उत्पन्नाचं बोलणंही टाळू नका. सोप्यात कपड्याचं दुकान, चौकात खानावळ, माडीवर अभ्यासिका किंवा पाहुण्यांच्या खोल्या, असं काही जमलं तर चौघा भावांना वाडा ठेवण्याचं कारण मिळतं.

विहिरी

बेळगावला राकसकोप आणि हिडकल जलाशयांचं पाणी येतं, पण उन्हाळ्यात टंचाई आली की लोकांना विहिरी आठवतात. 1924 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली काँग्रेस विहीर सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यासारख्या कितीतरी सार्वजनिक आणि खासगी विहिरी कचरा आणि निर्माल्याखाली आहेत. यादीत व्यास, खोली, पाण्याची पातळी (दोरीला दगड बांधून), कठड्याची आणि पायऱ्यांची अवस्था लिहा. एप्रिल-मेमध्ये पाणी तळाला गेल्यावर गाळ काढा. उपसा सावकाश करा, एकदम पाणी काढलं तर बाहेरच्या दाबानं जुनं बांधकाम आत ढासळू शकतं. बंद विहिरीत विषारी वायू साचतो. म्हणून हवा भरणारा पंखा, कमरेला दोर आणि वर दोन माणसं असल्याशिवाय कुणालाही उतरवू नका, मग तो कितीही सराईत असो. नंतर पाणी तपासून घ्या, लोखंडी जाळी बसवा आणि निर्माल्यासाठी शेजारी वेगळा हौद ठेवा, नाही तर पहिल्याच गणपतीत केलेलं काम पाण्यात.

पाट्या आणि फेरफटके

लोकांना गोष्ट कळली की प्रेम वाटतं. 1892 च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद रिसालदार गल्लीत राहिले, 1916 साली टिळकांनी होमरूल लीगची सुरुवात या गावात केली, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली सायकलींचं दुकान इथंच काढलं. अशा जागी छोट्या पाट्या लावा, मजकूर चार ओळींचा आणि तपासलेला. 2024 च्या दुरुस्तीप्रमाणे संस्थांच्या फलकांवर 60 टक्के जागा कन्नडला लागते, ती सोडून उरलेल्या जागेत मराठी येऊ द्या. महिन्याच्या एका रविवारी शाळेच्या मुलांना घेऊन एकच गल्ली फिरा आणि वाटेत त्या गल्लीतल्याच आजी-आजोबांना बोलतं करा.

तरीही पाडकाम निघालं तर

परवाना आहे का आणि नकाशा मंजूर आहे का, हे त्याच दिवशी महापालिकेत विचारा. परवाना कायदेशीर असेल तर भांडण वाढवू नका. मालकाकडून दोन दिवस मागून घ्या, खोल्यांची मापं घ्या, प्रत्येक खांबाचा, पट्टीचा फोटो काढा, दारं-खिडक्या-कौलं विकत किंवा देणगीत मागा. नियम मोडलेला असेल तर लेखी तक्रार, पोच, मग स्मरणपत्र, मग वकिलाची नोटीस, या क्रमानं जा.

न्यायालय सर्वांत शेवटी. बेळगावचं जनहिताचं प्रकरण उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात जातं. तिथं भावना चालत नाहीत, तारखेसह जोडलेले कागद चालतात. म्हणून याचिकेच्या आधी यादीतली ती नोंद, दरवर्षीचे फोटो, माहिती अधिकारात मिळालेला नकाशा आणि दिलेल्या प्रत्येक निवेदनाची पोच एका फाइलमध्ये क्रमानं लावून ठेवा. वकिलाची फी कशी जमवायची आणि तारखांना धारवाडला कुणी जायचं, हे याचिकेवर सही करण्याआधीच बैठकीत ठरवून इतिवृत्तात लिहून घ्या.